जिवंत झाडांची पाहणी

आमच्या वाडीने एकदिलाने केलेलं काम मी आयुष्यात एकच पाहिलं. एरवी शिमग्याच्या पालखीला खांदा कोणी आधी द्यायचा यावरून आमच्यात दरवर्षी भांडण होई. विहिरीचा गाळ काढायला घरटी एक माणूस द्या म्हटलं की घरटी एक कंबर धरे. रस्त्यासाठी हातभर जागा सोडायची वेळ आली की आजोबा-पणजोबांचे कागद पेट्यांतून बाहेर निघत. पण सरकारी साहेब झाडं बघायला येणार असं कळलं त्या सकाळी मात्र सगळी वाडी कोयते घेऊन बाहेर पडली. जुन्या रायवळ आंब्यांवर चढून लोकांनी हिरव्यागार फांद्या तोडल्या आणि कातळावरच्या आपापल्या मेलेल्या कलमांच्या खड्ड्यांत ओळीने खोचल्या. कोणी कोणाशी भांडलं नाही. ज्यांना कातळ चढवत नव्हता त्यांच्या फांद्या शेजाऱ्यांनी खोचून दिल्या. दुपारपर्यंत आमच्या उघड्या कातळावर अशी काही बाग उभी राहिली की वाडीतल्या म्हशी पण थांबून बघायला लागल्या. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, बारावीची परीक्षा देऊन बसले होते, आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

योजना कागदावर फार चांगली होती. वाडीच्या वरच्या अंगाला आमचा कातळ पसरलेला. पावसाळ्यात चार महिने गवत आणि उरलेलं वर्षभर तापलेला जांभा दगड. अशा पडीक जमिनीत हापूसची कलमं लावा, खड्ड्यापासून खतापर्यंतचा खर्च आम्ही देतो, असं सरकारने जाहीर केलं. पहिल्या वर्षी लावणीचं अनुदान, पुढची दोन वर्षं झाडं जगवण्याचं. मात्र उन्हाळ्याच्या शेवटी साहेब येऊन पाहणी करणार आणि पुरेशी झाडं जिवंत असतील तरच पुढचा हप्ता मिळणार. कलमं कुठून आणायची याचं प्रत्येकाला पूर्ण स्वातंत्र्य होतं, फक्त ती तात्यांच्या रोपवाटिकेतून आणायची होती. तात्या म्हणजे आमच्या वाडीचे पुढारी. वाडीचा कुठलाही कागद त्यांच्या हातातून गेल्याशिवाय कचेरीत पोचत नसे, आणि कचेरीतून सुटलेला पैसा त्यांच्या अंगणावरूनच पुढे जाई. त्यांच्या खिशाला दोन पेनं असत. अडचणीच्या कागदावर सही करायची वेळ आली की दोन्हीतली शाई नेमकी संपलेली असे.

आमची अडचण वेगळी होती. आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं. त्यातली निम्मी माणसं वारलेली आणि उरलेली मुंबईत, गणपतीला येऊन घराच्या कौलांना नावं ठेवण्यापुरती गावाची. त्यांतले बाबांचे थोरले चुलतभाऊ अण्णाकाका म्हणजे सगळ्यांचे कारभारी. बाबा बोटीवर खलाशी, वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात. त्यामुळे संमतीपत्रासाठी अण्णाकाकांशी बोलणी आईलाच करावी लागली. अण्णाकाकांना चिऱ्याची खाण घालायची होती. खाणवाला मुकादम दोनदा येऊन कातळ पावलांनी मोजून गेला होता. शेवटी अण्णाकाकांनी संमती दिली, पण खाली एक ओळ लिहून घेतली. सरकारी पाहणीत झाडं मेल्याचा शेरा आला, तर कातळ खाणीला द्यायचा आणि त्यावर कोणी हरकत घ्यायची नाही. आईच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, झाडांवर नव्हता, स्वतःच्या डोळ्यांवरही नसावा. त्यांचा विश्वास होता शिक्क्यावर. आईने त्या ओळीखाली सही केली. चौथी शिकलेली माझी आई सही करताना जीभ किंचित बाहेर काढत असे. त्या दिवशीही काढली होती, आणि मला तिची लाज वाटली होती.

कातळावर झाड लावणं म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. पहारीने खड्डा पाडायचा, खालच्या मळ्यातली माती टोपलीने वर न्यायची, तो भरायचा. आणि मग शिमगा संपल्यापासून पाऊस पडेपर्यंत त्या प्रत्येक खड्ड्यात हंड्याने पाणी घालायचं. विहीर खाली, कातळ वर. मध्ये सांडलेल्या पाण्याने निसरडी होणारी चढण. वाडीतल्या बाकीच्यांनी दहा-पंधरा दिवस हे करून पाहिलं आणि मग एकेकाच्या गुडघ्यांनी संप केला. टिकल्या दोघीच, माझी आई आणि शेवंताकाकी. शेवंताकाकीचा कातळ आमच्या वरच्या अंगाला लागूनच. तिचा नवरा मुंबईला एका कॅन्टीनमध्ये भांडी घासायला, घरात सासू आणि दोन लहान मुलगे. ती अंगाने काटकुळी होती, पण डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन चढण अशी चढायची की मागून येणाऱ्याला वाटावं, भांडी रिकामी आहेत.

भाताच्या लावणीला आमच्याकडे सावड असते. आज तुम्ही आमच्या शेतात या, उद्या आम्ही तुमच्या. पैसा मध्ये येत नाही, कोणी लिहून ठेवत नाही, पण कोणाचा दिवस कोणावर राहिलाय हे बायकांच्या डोक्यात पक्कं असतं. या दोघींनी पाण्यासाठी सावड धरली. एक दिवस आमच्या कातळावर, दुसऱ्या दिवशी शेवंताकाकीच्या. पहाटे रहाटाची करकर सुरू झाली की मी कूस बदलायची. उजाडेपर्यंत दोघींच्या दहा-दहा खेपा झालेल्या असत. मग काकी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, टेकायची. आई चुलीवरची तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं तिच्यापुढे ठेवायची, कधी सुकटाची चटणी. दोघी फारसं बोलत नसत. भाकरी मोडण्याचा आणि मधूनच काकीच्या मोठ्याने हसण्याचा आवाज तेवढा यायचा. ती कशालाही हसायची. एकदा तिच्या एका कलमाला नवी पालवी फुटली, तर ती तांबूस पानं दाखवायला आईला हाताला धरून वर घेऊन गेली आणि तिथेही हसत उभी राहिली.

हल्ली पाहणी मोबाइलवर होते. परवा माझा भाचा कातळावरच्या एका धडधाकट काजूला चारी बाजूंनी फिरून फोटो काढत होता. मी म्हटलं, एकाच झाडाचे एवढे फोटो कशाला रे? तर म्हणतो, "आत्ये, एक कुठंय, ही चार झाडं झाली." फोटोत जागेचा पत्ता आपोआप उमटतो म्हणे, त्यामुळे आता लबाडी करता येत नाही. पूर्वी आम्हाला फांद्या तोडाव्या लागायच्या, झाडावर चढावं लागायचं, घाम यायचा. आता तेवढेही कष्ट उरले नाहीत. पैसे थेट खात्यात जमा होतात आणि खात्यातून थेट मोटरसायकलच्या हप्त्यात जातात. शेतकऱ्याच्या दारात समृद्धी येते, म्हणजे मोटरसायकल येते.

तर त्या वर्षी एप्रिलात बाबा बोटीवरून सुटीवर आले. बाबा आले की आमच्या घराचा वासच बदले. परदेशी साबण, पत्र्याच्या डब्यातली बिस्किटं, सिगारेटचा धूर. त्यांना भेटायला माणसांची रीघ लागे. फणसाची सांदणं उकडली जात, दर दुसऱ्या दिवशी सुरमई नाहीतर पापलेट येई, एक सत्यनारायण होई आणि आईला चुलीपुढून उठायला फुरसत नसे. शिवाय बाबांची भुणभुण वेगळीच. "मी दीड महिन्यासाठी येतो आणि तू कातळावर. घर कोणाचं आहे, माझं की कलमांचं?" आईला रोज वर जाणं जमेना. एक दिवसाआड जायला मिळे, आणि तो एक दिवस ती आमच्या कातळाला द्यायची. त्या दिवशी शेवंताकाकी ठरल्याप्रमाणे हजर. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काकीच्या पाळीला, आई जात नसे.

"वयनी, भावोजी आलंत, तुमी घराकडं बगा," काकी म्हणायची. "माज्याकडचं मी एकटी करतंय. धरतील दम."

"ह्ये गेले की मी सलग तुज्याकडंच येतंय," आई म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसं करायचंच होतं.

आणि मला आई रोज सांगायची, "सुमे, तू तरी जा गो तिच्यासंगती. रिकामीच तर हायस." मी धडधाकट होते. माझी मान शाबूत होती, गुडघे शाबूत होते. पण जूनपासून मी रत्नागिरीला कॉलेजात जाणार होते, आणि डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी मुलगी कॉलेजात शोभत नाही असं मला वाटायला लागलं होतं. एसटीच्या रस्त्यावरून ती चढण दिसायची. शेजारच्या वाडीतली मुलं त्या रस्त्याने सायकलवरून जायची. एके दिवशी मी डोकं दुखतंय म्हटलं, एके दिवशी पोट, आणि पुढे आईने विचारायचंच सोडलं. मी माजघरात पडून मासिकं वाचत होते. त्यात गरिबांच्या कष्टांच्या कथा असत, आणि त्या वाचून मला रडू येई.

काकीची कलमं वैशाखात गेली. आधी पानं लोंबली, मग वळली, मग खाली पडली. ती एकटी किती खेपा घालणार? बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आई हंडा घेऊन तिच्या कातळावर गेली ती तासाभरात परत आली. हंडा दाराशी ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. मी चहा दिला तो तिने घेतला नाही. वाडीतल्या बाकीच्यांची तर केव्हाच मेली होती, त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. काकीची मात्र आमच्यामुळे मेली होती, आणि ते वाडीत तिघींनाच ठाऊक होतं.

साहेबाच्या पाहणीची तारीख कळली तशी तात्यांनी घरोघरी फिरून फांद्यांची कल्पना सांगितली. ती लोकांना एवढी पटली की मला वाटतं, प्रत्येकाच्या मनात ती आधीपासूनच होती. शेवंताकाकीच्या खड्ड्यांतही तात्यांच्या गड्यांनी फांद्या खोचल्या. तिला विचारलंही नाही, कारण एक कातळ उघडा दिसला असता तर बाकीच्यांचं पितळ उघडं पडलं असतं. तात्या आमच्याकडे आले तेव्हा आई पेज खात होती.

"वयनी, तुमची झाडं झापाखाली झाकलेली. रस्त्यावरनं नुसता पाचोळा दिसतोय. ते झाप काडा आणि चार फांद्या खोचा. हिरवं दिसू दे जरा."

"जित्या झाडाशेजारी फांदी कशाला खोचू?" आई म्हणाली. "मी काय खुळी हाय? आनि झाप काडलं तर कोवळी पानं करपतील. सायबाला बगायची असतील तर वाकून बगंल."

साहेब वाकून बघेल असं धरून चालणं ही माझ्या आईच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. तिने प्रत्येक कलमाला नारळाच्या झापाची सावली केली होती, बुंध्याभोवती पेंढा बांधला होता, आणि त्याच्या आत ती झाडं जिवंत होती, धुळीने माखलेली पण जिवंत. आजूबाजूला सकाळी तोडलेल्या फांद्या मात्र नुसत्या चमकत होत्या.

जीप आली ती रस्त्यावरच थांबली. इंजिन चालूच. साहेब घाटावरून बदलून आलेला, चाळिशीतला, नीट भांग पाडलेला. तात्यांच्या घरच्यांनी कोकमाचं सरबत केलं होतं आणि ते ताटातून पुढे करायचं काम शिकलेली मुलगी म्हणून माझ्याकडे दिलं होतं. त्यामुळे सगळं मी हातभर अंतरावरून ऐकलं. साहेबाने काच खाली केली, सरबत प्यायला, मांडीवरच्या तक्त्यावर खुणा करत गेला. मग आमच्या कातळाकडे पेनाने दाखवून म्हणाला, "तिथे काय? नुसत्या झावळ्या दिसताहेत." तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय दिसतंय ते लिवा, सायेब." वर पहिल्या कलमापाशी आई झाप उचलून धरायला तयार उभी होती. तिने साडीही चांगली नेसली होती. जीपने तिथल्या तिथे वळण घेतलं आणि ती धूळ उडवत गेली. आई बराच वेळ तशीच उभी होती, तिला वाटलं गाडी दुसऱ्या बाजूने वर येतेय.

आठवड्याने यादी लागली. सगळ्यांच्या नावापुढे 'समाधानकारक'. आमच्या नावापुढे 'जिवंत रोपे: निरंक'. ज्या वाडीत जिवंत झाडं फक्त एका घरची होती, त्या वाडीत सरकारच्या हिशेबी तेवढीच मेली होती. आई फेरतपासणी मागणार असं कळताच तात्या पुन्हा आले, या वेळी चार जण बरोबर घेऊन. "वयनी, फेरतपासनी नको हां. साहेब वर चढला तर सगळ्यांच्या फांद्या वाळलेल्या बगंल. तुमच्या एका कातळापायी वाडीच्या पोटावर पाय देऊ नका." पोटावर म्हणजे, त्या पैशांतून तात्यांच्या गच्चीवर पत्रा पडायचा होता. आणि त्याच आठवड्यात अण्णाकाकांना मुंबईला बातमी पोचली. कोणी पोचवली हे विचारायची गरज नव्हती. मुकादम चुन्याची बादली घेऊन आला आणि आमच्या जिवंत कलमांच्या मधून पांढऱ्या रेघा ओढून गेला. कुठून कापायला सुरुवात करायची त्याच्या. पंधरा दिवसांत मशीन येईल, म्हणाला. एका कलमावर चुना सांडला तो आईने पदराने पुसला.

दुसऱ्या दिवशी आईने एक कलम मुळाच्या मातीसकट उकरलं, गोणपाटात बांधलं, तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि आम्ही सकाळच्या एसटीने रत्नागिरीला निघालो. कंडक्टरने झाडाचं तिकीट मागितलं. आई म्हणाली, "मेलेल्याला तिकीट कसलं?" त्याला काही कळलं नाही, पण त्याने नाद सोडला. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. डब्यात झाड घेऊन बसणारी आई, आणि ओळखीचं कोणी चढलं तर काय, या काळजीत मी होते. आमचं सगळं पणाला लागलेलं असताना मला ही काळजी होती.

कचेरीत तासभर बसल्यावर आत बोलावलं. आईने डबा साहेबाच्या टेबलावर ठेवला. थोडी माती कागदांवर सांडली.

"हे काय?"

"आमच्या कातळावरचं झाड, साहेब. तुम्ही मेलं लिवलाव ते."

साहेबाने पान बोटांत धरून पाहिलं, आणि मला वाटतं त्याला ते खरोखर आवडलं. "चांगलं जगवलंय," तो म्हणाला. शिपायाला हाक मारून त्याने आमच्यासाठी चहा सांगितला. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला आज त्याच्याविषयी लिहिणं सोपं गेलं असतं.

मला राहवलं नाही. "साहेब, बाकीच्यांच्या नुसत्या फांद्या होत्या. त्यांचं एकही झाड जिवंत नाही." आईने टेबलाखालून मला जोराचा चिमटा काढला.

साहेब हसला. "माहीत आहे, बाळ. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. खोचलेली फांदी मला ओळखता येणार नाही होय?"

"मग आमचीच का मेली लिहिलीत?"

"हे बघ, तालुक्याचं उद्दिष्ट पुरं व्हावं लागतं. मेली मेली लिहून कसं चालेल? पण सगळीच्या सगळी जगली असं लिहिलं की वरचे म्हणतात, हा जागेवर गेलाच नाही. म्हणून प्रत्येक वाडीत एक मेलेलं दाखवावं लागतं. तुमचं त्यातल्या त्यात मेल्यासारखं दिसत होतं." हे तो अगदी सरळपणे सांगत होता. मग त्याने ड्रॉवरमधून तक्ता काढला. "अजून वर पाठवलेला नाही. तुमचं जिवंत करतो, त्यात काय. पण मग दुसरं एक मेलेलं लागेल. कोणाचं लिहू सांगा."

आई म्हणाली, "सगळ्यांचीच मेलीत साहेब. हाय तसं लिवा."

"तसं नाही हो चालत, बाई. एक सांगा."

"तात्या," मी म्हटलं.

साहेबाने पेन खाली ठेवलं. "ते सोडून."

मग तो एकेक नाव वाचत गेला. हा तात्यांचा मेहुणा, तो तात्यांच्या पतपेढीतला, हा भांडकुदळ, उद्या इथे येऊन बोंब मारेल. प्रत्येक नावाशी त्याचं त्यालाच काहीतरी आठवे आणि तो पुढे जाई. शेवंताकाकीच्या नावाशी तो थांबला. "या बाईंचं? यांच्या घरी पुरुषमाणूस कोणी?"

"मुंबईला असतात," मी म्हटलं.

"म्हणजे भांडायला कोणी येणार नाही. मग हे?"

वरचा पंखा कुरकुरत होता. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कातळावरच्या पांढऱ्या रेघा होत्या. मी आईकडे पाहिलं. ती डब्यातल्या झाडाकडे बघत होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, निदान चिमटा तरी काढेल. तिने काही केलं नाही.

"चालेल," मी म्हटलं.

त्याने आमच्या नावापुढचं खोडलं, तिच्या नावापुढचं खोडलं, दोन्हीकडे सही केली. आम्ही उठलो तसा तो म्हणाला, "झाड राहू दे इथे. बंगल्यात लावतो." एवढ्या पाहणीनंतर साहेबाने हाताने उचललेलं आमचं ते एकमेव झाड.

मी खोटं काहीच बोलले नव्हते. शेवंताकाकीची कलमं मेलीच होती. सरकारच्या त्या तक्त्यात आमच्याखेरीज तेवढी एकच नोंद खरी होती, आणि ती माझ्यामुळे झाली होती. पुढे कॉलेजात, नोकरीत, मी भल्याभल्यांना तोंडावर सुनावलं, लोक मला फटकळ म्हणतात आणि मला ते आवडतं. पण त्या दिवशी तात्यांचं नाव सोडायला सांगितल्यावर मी दुसऱ्यांदा ते घेतलं नाही, हेही खरं आहे. साहेबाला, तात्यांना, वाडीला मी आयुष्यभर नावं ठेवत आले. त्या सगळ्यांना फांदी खोचायला निदान झाडावर चढावं लागलं होतं. मला खुर्चीतून उठावंही लागलं नाही.

परतीच्या एसटीत हातखंब्याचा थांबा गेला, पालीचा गेला, आई रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसून होती. फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "शेवंताला तू सांगायचंस." आणि घराकडे वळली.

काकी अंगणात कोकमं फोडत बसली होती. हात कोपरापर्यंत लाल. साली एकीकडे, बिया एकीकडे. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, नाव मी घेतलं हेही. तिचा हप्ता आता येणार नव्हता, आणि एकदा यादीत मेलेलं दाखवलं की पुढच्या कुठल्याही लावणीला नाव लागत नाही, हे साहेबाने जाता जाता सांगितलं होतं, तेही सांगितलं. ती कोकमं फोडायची थांबली नाही.

"मेलेली व्हती, मेली लिवलान," ती म्हणाली. "खोटं काय हाय त्यात?" मग जरा वेळाने, "तुमची जिती लिवलान ना?"

"हो."

"मग झालं." तिने मूठभर कोकमाच्या साली माझ्या हातात दिल्या. ती हसली नाही.

अण्णाकाकांना शिक्क्याचा कागद गेला आणि आमची खाण टळली. मुकादमाने मशीनचे पैसे आधीच भरले होते, त्याला कातळ हवाच होता. दिवाळीत शेवंताकाकीचा नवरा चार दिवसांसाठी आला, पडीक कातळ ठेवून करायचं काय म्हणाला, आणि सही करून गेला. आज आमच्या बागेच्या वरच्या बाजूला गेलात तर तो खड्डा दिसेल, सरळ कापलेल्या भिंतींचा. आमचे आंबे दरवर्षी पेट्या भरून जातात. लोक आईच्या कष्टांचं कौतुक करतात.

पण ते नंतरचं. मी काकीला सांगून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आईने मला हलवून उठवलं आणि माझ्या हातात हंडा दिला. मी तो घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी ती चढण हंडा घेऊन चढले. मान मोडत होती, पाणी मानेवरून पाठीवर जात होतं. आम्ही आमचा कातळ ओलांडून वर शेवंताकाकीच्या कातळावर गेलो. ती तिथे होती. वाळलेल्या फांद्या उपटून तिने चुलीसाठी मोळी बांधली होती आणि खड्डे रिकामे होते. आम्हा दोघींना भरल्या हंड्यांसकट बघून ती मोळी हातात घेऊन उभी राहिली.

"तुजी सावड राह्यलीय," आई म्हणाली.

"आता हितं कशाला घालताव पाणी?" काकी म्हणाली. "आनलाव तर तुमच्या झाडांना घाला. उनं वर येतील."

तिने मोळी खाली टाकली, माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि पुढे चालायला लागली. आम्ही तिघी खाली आलो आणि ते पाणी आमच्या कलमांना घातलं.